सोनखताचा लिलाव

सोनखत म्हणजे माणसाच्या मैल्याचं खत. शेणखत, लेंडीखत, हाडखत यांच्या पंक्तीत बसणारा हा शब्द साठ-सत्तर वर्षांपूर्वी आमच्या भागात रोजच्या बोलण्यातला होता, आणि तो उच्चारताना कुणी नाक मुरडत नसे. मैल्याला पहिल्यांदा सोनं म्हणणारा माणूस शेतकरीच असणार. शहरातल्या माणसाला ती वस्तू एकदा डोळ्यांआड झाली की संपली. शेतकरी विचारतो, गेली कुठं?

आमच्या तालुक्याच्या गावाचा मैला गेल्या शंभर वर्षांत कुठं कुठं गेला, कुणाच्या डोक्यावरून गेला आणि आता कुठं येऊन थांबलाय, ते इथं सांगायचं आहे. गावाचं नाव लिहीत नाही. सातारा-सोलापूरच्या बाजूला कुठल्याही ओढ्याकाठच्या नगरपालिकेचं नाव तिथं घातलंत तरी फार फरक पडायचा नाही. आमची वाडी त्या गावापासून दीड कोसावर. वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला आम्ही आणि मधे ओढा, एवढा भूगोल ध्यानात ठेवला म्हणजे पुरे.

इंग्रजी अमलात १८५० च्या कायद्यानं मोठ्या गावांना नगरपालिका काढायची मुभा मिळाली. पुढं १८७३, १८८४ आणि १९०१ चे कायदे आले. या नगरपालिकांच्या गळ्यात मुख्य कामं तीन: दिवाबत्ती, झाडलोट आणि मैला. १८९६-९७ च्या प्लेगनंतर तिसऱ्या कामाची धास्ती वाढली. घरोघर संडास बांधा, नाहीतर दंड भरा, असा काळ आला. आमच्या वाडीत त्याची झळ पोचली नाही, कारण वाडीत संडास हा प्रकारच नव्हता. टमरेल आणि ओढ्याकाठची करंजाची झाडी, एवढ्यावर आमच्या पिढ्या गेल्या.

गावात मात्र जुने वाडे पाहिलेत तर अजून प्रत्येक आळीच्या मागं एक अरुंद बोळ दिसेल. दोन्ही कोपरं भिंतींना घासत माणूस जाईल एवढीच. तिच्यात घरांची दारं उघडत नाहीत. फक्त जमिनीलगत, दीड-दोन फुटांची झडपं आहेत, बहुतेक आता विटांनी चिणलेली. संडास वाड्याच्या मागच्या भिंतीला, चार पायऱ्या चढून. खाली पत्र्याचा डबा किंवा डांबर लावलेली टोपली. झडप बोळातून उघडायची. घरातल्यांनी वरून जायचं, नेणारीनं खालून यायचं. दोघांची गाठ पडू नये अशी ती बांधणी. गावरचनेचं इतकं काटेकोर काम आमच्याकडं पुढं कुणी केल्याचं मला तरी आठवत नाही.

पहाटे बाया यायच्या. हातात खराटा, पत्र्याचा तुकडा, सोबत राख. डबा टोपलीत रिकामा करायचा, टोपली डोक्यावर घ्यायची आणि बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मैलागाडीत ओतायची. गाडी म्हणजे दोन चाकांवर आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप, पुढं रेडा. पावसाळ्यात टोपलीतून गळायचं ते कपाळावरून, कानामागून खाली यायचं. मी शाळेला गावात राहायला असताना हे रोज पाहिलंय. पाहायचं नाही असं घरच्यांनी बजावलेलं होतं, म्हणूनच बहुधा नीट पाहिलं.

गाडी जायची खतडेपोवर. लोक त्याला नुसतं 'डेपो' म्हणत. एसटीचा डेपो पुढं झाला आणि मग 'कुठला डेपो?' असं विचारावं लागू लागलं. डेपोत खड्ड्यांच्या रांगा होत्या. गावचा केरकचरा एक थर, त्यावर मैला, त्यावर राख आणि माती, पुन्हा कचरा. प्लॅस्टिक नव्हतं. कचरा म्हणजे पत्रावळ्या, भाजीचे देठ, शेणपो, चुलीतली राख आणि झाडांचा पाला. खड्डा भरला की मातीनं लिंपून काही महिने तसाच ठेवायचा. आत तो असा तापायचा की हिवाळ्यात सकाळी त्यावर वाफ दिसायची. ही उष्णता हेच त्यातलं शास्त्र. पन्नास-साठ अंशांवर काही दिवस राहिलं की रोगजंतू आणि जंतांची अंडी मरतात, वास जातो आणि उरतो तो काळा भुगा.

हे शास्त्र काही आमच्या नगरपालिकेनं शोधलं नव्हतं. १८७९ साली खडकवासल्याचं धरण झालं, मुठेच्या कालव्यावर ऊस आला आणि उसाला खत पुरेना. पुण्याचा मैला राखेत कालवून, उन्हात वाळवून त्याची भुकटी उसाला घालायची पद्धत तिथं रुळली. सरकारी कागदांत तिला 'पुड्रेट' असं फ्रेंच नाव आहे. सुरुवातीला लोक शिवत नव्हते. शेजारच्याचा ऊस पाहिल्यावर शिवू लागले. पुढं १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. त्यांच्याबरोबर काम करणारे आणि १९३१ च्या पुस्तकावर ज्यांचं नाव जोडीनं आहे ते यशवंत वाड. हॉवर्डचं नाव आता सेंद्रिय शेतीवाल्या प्रत्येकाच्या तोंडी असतं, वाडांचं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'अधिक धान्य पिकवा'ची मोहीम निघाली आणि नगरपालिकांनी कंपोस्ट करावं म्हणून सरकारनं नेट लावला. आमचा डेपो त्याच लाटेतला.

उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, लिलाव पुकारला जायचा. दवंडी यायची ती वाडीपर्यंत. माझा आजा या लिलावाला लग्नाला निघाल्यासारखा निघायचा: धुतलेलं धोतर, पटका, कनवटीला पैसे. बोली खड्ड्यावर लागायची. आजा खड्ड्यात हात घालून खालचं खत वर काढी, मुठीत दाबी. भुगा झाला तर खड्डा पिकला. गोळा झाला तर कच्चा. मग नाकाशी नेई. पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास आला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. बोली लावणारे सगळे खालच्या वाड्यांचे बागाईतदार. माळी, मराठा, धनगर, एखादा बामणाचा वाटेकरी. त्या दिवशी मैल्याला तोटा नसे मित्रांचा. नगरपालिकेच्या जमेच्या बाजूला खतविक्रीचं सदर असायचं आणि त्यावर सभेत चर्चा व्हायची. आज ज्याला सांडपाणी व्यवस्थापन म्हणतात ते त्या काळी नुकसानीचं खातं नव्हतं, एवढं सांगतो.

पण लिलावाच्या त्या मांडवात टोपली वाहणारी कुणी नसे. डेपोच्या पलीकडं त्यांची वस्ती. त्यांचे पूर्वज गुजरातेतून आणि उत्तरेकडून आणवलेले. घरात बोलायचे ते वेगळं, आमच्याशी बोलायचे मराठी. आजा खत गाडीत भरून आणायचा, स्वतःच्या हातानं वाफ्यात पसरायचा. घरी आल्यावर अंघोळसुद्धा सावकाशीनं. पण त्याच वस्तीतली बाई आमच्या विहिरीवर पाणी मागायला आली तर तिला लांबून ओंजळीत पाणी. मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "आरं, जमिनीला बाट लागत न्हाय. बाट माणसाला लागती." एवढं बोलून तो मोटेकडं गेला. आजा वाईट माणूस नव्हता. त्याच्या सगळ्या पिढीचं गणित त्या एका वाक्यात आहे, म्हणून ते जसंच्या तसं दिलंय.

त्या वस्तीतला एकच मुलगा माझ्या वर्गात होता. नाव लिहीत नाही. तो आहे, नातवंडांत रमलाय, त्याला आवडायचं नाही. दाराजवळ शेवटच्या पाटावर बसायचा. आमचे मास्तर ज्या आळीत राहत त्या आळीचा बोळ त्याच्या आईकडं होता. पावसाळ्यात ती आजारी पडली की तो शाळेत दिसत नसे, आणि हजेरी घेताना मास्तर त्याच्या नावाशी थांबत नसत. कुठं गेलाय ते त्यांना ठाऊक असायचं.

वरती मुंबई-दिल्लीला या प्रश्नाच्या समित्या झाल्या. मुंबई सरकारनं १९४९ साली बर्वे समिती नेमली, तिचा अहवाल १९५२ चा. १९५७ साली केंद्राकडून मलकानी समिती आली. डोक्यावरची टोपली बंद करा, चाकाची गाडी द्या, हातमोजे द्या, असा त्यांचा सूर. शिफारशी चांगल्याच होत्या. आमच्या गावात हातगाड्या आल्या त्या मी चौथीत असताना. लोखंडी चाकं, बोळात दगडी फरशी, मधे चर. गाडी पहिल्या वळणालाच अडकली. महिनाभर त्या गाड्या बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, मग कुणीतरी त्यातून वाळू वाहायला नेल्या. टोपली डोक्यावर ती डोक्यावरच. बोळ रुंद करायचा कुणी विचार केला नाही, कारण त्यासाठी वाड्यांची जागा गेली असती.

अप्पासाहेब पटवर्धनांचं मला या सगळ्यात वेगळेपण वाटतं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मागणी केली, की संडास साफ करण्याचं काम मला द्या. जातीमुळं ते काम तुम्हाला देता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्यांनी अन्न सोडलं. येरवड्यातून गांधीजींनी त्यांच्या बाजूनं उपवास धरला तेव्हा सरकार हललं. ब्राह्मणाला मैला उचलू द्यावा म्हणून उपोषण करावं लागतं, हा आपल्याकडचा कायदा. पुढं कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी हात न लावता मैल्याचं खत होईल असे साधे संडास केले. त्यांच्याच वाटेनं देहूच्या डॉ. मापुसकरांनी मैल्यावर चालणारा बायोगॅस गावात बसवला. लोक त्यांना संडास डॉक्टर म्हणत. २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आमच्या गावात हे लोक व्याख्यानापुरते सुद्धा आले नाहीत. आले असते तरी नगरपालिकेनं सत्कार करून वाटेला लावलं असतं.

टोपली अखेर घालवली ती नळानं. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावाला नळयोजना आली. पाणी आलं तसं ओतायचं भांडं आलं, मग सेप्टिक टँक. एकेक वाडा पाडून तिथं सिमेंटची घरं उठली. बोळातली झडपं चिणली गेली. डोक्यावरून मैला वाहण्याला आणि कोरड्या संडासाला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, आमच्याकडं तोवर बहुतेक काम सिमेंटनं आणि पाण्यानं केलेलं होतं. माझ्या वर्गमित्राच्या आईची टोपली सुटली. तिला झाडूवर घेतलं. तिच्यामागं तो स्वतः लागला, कारण १९७५ पासून लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणं सफाई कामगाराच्या वारसाला त्याच कामावर घेण्याची सोय आहे. घराला पगार मिळाला, पोरं शिकली, हे खरं. वतन म्हणून पाटीलकी, कुलकर्णीपण गेलं आणि खराटा तेवढा वारसानं राहिला, हेही खरं. या सोयीविरुद्ध मी कधी त्या वस्तीत बोललो नाही. ज्याचं पोट त्यावर आहे त्यानं बोलावं.

सेप्टिक टँकचं एक कुणी सांगत नाही. तो मैला संपवत नाही, साठवतो. गाळ तळाला बसतो, वरचं काळं पाणी बाहेर पडतं. ते शोषखड्ड्यात मुरलं पाहिजे. आमच्याकडं काळ्या मातीत आणि दाट वस्तीत मुरायला जागा कुठली? पाइप सरळ गटारात, गटार ओढ्यात. गाव तीस हजारांचं धरा. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं असा सरकारी दंडक, त्यातलं ८० टक्के वापरून बाहेर पडतं असं अभियंते धरतात. म्हणजे दिवसाला ३२ लाख लिटर. दहा हजार लिटरचे सव्वातीनशे टँकर रोज ओढ्यात ओतल्यासारखं झालं. डेपोचे खड्डे बुजले. एका कोपऱ्यात कचऱ्याचा डोंगर उठला, त्यात प्लॅस्टिक आलं आणि लिलावाची दवंडी बंद झाली. कधी बंद झाली ते वाडीत कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तोवर युरियाची पोती आली होती.

आणि इथं एक गोष्ट झाली, जी गावातल्या माणसाला चमत्कारिक वाटेल. आम्हाला आनंद झाला. आमचा ओढा दिवाळीला आटायचा. माघात त्यात झिरा खणून हंडा भरावा लागे. तो ओढा बारमाही वाहू लागला! होळीला पाणी, अक्षयतृतीयेला पाणी. लोकांनी इंजिनं टाकली. ज्यांच्या चार एकरांत नुसती बाजरी व्हायची त्यांनी घास केला, हत्तीगवत केलं, दोन-दोन म्हशींच्या दहा म्हशी झाल्या. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर गावाच्या बाजारात जाऊ लागला. युरिया न घालता पीक काळंशार यायचं. नाना, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "आज्जा बोली लावून आणायचा, आपल्याला फुकट घरपोच आलंय." गावानं आम्हाला आपली घाण दिली असं आज भाषणात म्हणतात. खरं तर त्या वेळी आम्ही ती दोन्ही हातांनी घेतली. दुष्काळी माणसाला पाण्याचा वास येत नाही.

वास आला तो दहा-बारा वर्षांनी. ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी पिवळसर झालं, मग फेसाळ. जमीन वरून कडक व्हायला लागली, वाफसा लवकर येईना. हवेत कोंडून पिकणाऱ्या खड्ड्यात जंतू मरायचे. ओढ्यातून थेट वाफ्यात आलेल्या पाण्यात मरत नाहीत. पाण्यात उभं राहून दारी धरणाऱ्यांच्या पायांना खरूज. पोरांच्या पोटात जंत. एका पावसाळ्यात आळीतल्या सात घरांत कावीळ झाली आणि त्या वर्षी आम्ही विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं. ज्या विहिरीवर आजानं बाट सांभाळली होती, तिचं पाणी आता म्हशीसुद्धा हुंगून मागं सरायच्या. मेथीच्या जुड्या मात्र गावाला जातच होत्या. गावानं दिलेलं गावाला परत जात होतं, आणि बाजारात पालेभाजी निवडणाऱ्या बाईला ते ठाऊक नव्हतं.

कायदा नव्हता असं नाही. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्रानं १९६९ सालीच कायदा केला, १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं आणि केंद्राचा जलकायदा १९७४ चा. पण त्या कायद्याची नजर आधी कारखान्यांवर होती. नगरपालिका म्हणजे सरकारच; सरकारनं सरकारला नोटीस पाठवायची, सरकारनं सरकारला उत्तर द्यायचं, निधी नाही म्हणून. २००५ नंतर छोट्या शहरांसाठी केंद्राच्या योजना आल्या, मग निधी नाही हे उत्तर चालेना. आमच्या गावात रस्ते उकरले गेले. भुयारी गटार, चेंबर, पंपिंग स्टेशन आणि ओढ्याच्या कडेला शुद्धीकरणाचं केंद्र. जागा कुठली? जुना खतडेपो. तेवढी एकच पालिकेची मोकळी जमीन होती.

हे केंद्र मी पुष्कळदा पाहिलंय, कारण तिथं ब्लोअर चालवतो तो माझ्या वर्गमित्राचा मुलगा. आयटीआय झालेला वायरमन आहे. कागदावर सफाई कामगार, वारसाहक्कानं. हातात पान्हा आणि टेस्टर. त्यानं मला सगळं फिरवून दाखवलं. आधी जाळी: चिंध्या, पिशव्या, आणखी नको ते तिथं अडकतं. मग वाळू बसायची टाकी. मग मोठा हौद, ज्यात खालून हवा फुंकतात. हवा मिळाली की जिवाणू वाढतात, घाण खातात, त्यांचा लगदा होऊन तळाला बसतो, वर निवळ उरतं. थोडा लगदा पुढच्या पाण्यासाठी विरजणासारखा ठेवायचा. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ही रीत काढली, अजून जगभर तीच मूळ धरून आहे. किती साफ झालं याचं माप बीओडी: घाण खायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल तो आकडा. घरगुती मैलापाण्यात लिटरला दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम, सोडताना तीसच्या आत यावा असा चालत आलेला दंडक. नवी केंद्रं दहापर्यंतही आणतात. ओढासुद्धा हेच करत होता, खडकांवरून खळाळताना हवा घेऊन. त्याच्या पचण्यापेक्षा जास्त आलं एवढंच.

"काका, हौदाला हवा पाहिजे आन् हवेला लाइट," तो म्हणाला. यातच सगळं आलं. भारनियमन असलं की ब्लोअर बंद. बिल थकलं की ब्लोअर बंद. हवा फार वेळ तुटली की जिवाणू मरतात, हौद सडतो आणि पुन्हा विरजण लागायला आठवडे जातात. नागपूरला १९५८ पासून जी संस्था आहे, आजची नीरी, तिनं आपल्या उन्हाच्या देशात उथळ तळी करून, ऊन आणि शेवाळ यांच्या जोरावर मैलापाणी निवळायची पद्धत वर्षानुवर्षं अभ्यासली. जागा जास्त लागते, वीज जवळजवळ नाही. आमच्यासारख्या गावाला, जिथं माळरान पडून आहे, तीच योग्य होती असं माझं मत आहे. पण तळ्याच्या टेंडरात यंत्रं नसतात.

दुसरी गंमत अशी की केंद्राला पुरेसा मैलाच येईना. चेंबरला घराची जोडणी करायची तर अंगण फोडायचं, पैसे भरायचे. आपला सेप्टिक टँक बरा चाललाय म्हणून निम्म्या लोकांनी जोडणी घेतली नाही. ते टँक भरले की खाजगी टँकरवाला बोलवायचा. तो गाळ उपसून रात्री कुठल्यातरी पुलाखाली सोडतो. आणि टँकर पोचत नाही अशा बोळात अजून माणूस उतरवतात. माझ्या वर्गमित्राचा धाकटा भाऊ असाच एका लॉजच्या टाकीत उतरला. आतल्या वायूनं पहिल्याच मिनिटात खाली बसला; वर काढला तेव्हा संपलेला होता. २०१३ चा कायदा संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा ठरवतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती ३० लाख केली. त्या घराला लॉजवाल्यानं दहाव्याचा खर्च दिला. कामावर ठेवल्याचा कागद नव्हता, मग कशाची भरपाई?

आम्ही वाडीचे चार-पाच जण वाईला जाऊन आलो. कृष्णाकाठचं, सात घाटांचं गाव; नदीच्या पुराला तोंड देणारा ढोल्या गणपती आणि विश्वकोशाचं कार्यालय म्हणून आपण ओळखतो ते. तिथं नगरपालिकेनं २०१८ पासून टाक्यांना पाळी लावली. टाकी भरून वाहायची वाट बघायची नाही. प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा यंत्रानं उपसायची, पैसे जागेवर मागायचे नाहीत, करातून घ्यायचे. उपसलेला गाळ पुलाखाली न जाता वेगळ्या केंद्रात जाऊन वाळतो. सिन्नरनंही ही वाट धरली. यात मला आवडलं ते हे, की रस्ते उकरायची घाई नाही. आहेत त्या टाक्यांचाच हिशोब ठेवला. आमच्या शेजारी एक म्हातारा होता, तो म्हणाला, "ही तर बोळाचीच पाळी की. फक्त डोकं गेलं आन् टँकर आला."

परत आल्यावर आम्ही आमचं मागणं लिहायला बसलो, आणि तिथं वाडीत फूट पडली. एक बाजू म्हणे, ओढ्यात घाण सोडणं बंद करा. दुसरी बाजू म्हणे, बंद केलं तर म्हशींनी काय खायचं? हा प्रश्न खरा होता. केंद्र नीट चाललं तर निवळ पाणी निघेल. मग ते कुणाचं? राज्याचं २०१७ चं धोरण सांगत होतं, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर आधी वीजकेंद्रांचा आणि उद्योगांचा विचार व्हावा. आमच्या गावाजवळ औद्योगिक वसाहत मोठी होतेय. पाणी घाण होतं तोवर ते आमचं होतं, कुणी वाटेकरी नव्हता. ते स्वच्छ होणार म्हटल्यावर त्याला गिऱ्हाईक उभं राहिलं.

ग्रामसभेत यावर दोन बैठका झाल्या. बायका पहिल्यांदा पुढं येऊन बोलल्या त्या याच विषयावर. एक म्हातारी म्हणाली, "पानी पायजे, पर आदी आमाला बाटलीत भरून द्या, तपासून आना, मग बगू." शेवटी ठराव झाला तो असा: निवळलेल्या पाण्यातला ठरावीक हिस्सा ओढ्याला राहावा. केंद्राचा ब्लोअर रोज किती तास चालला त्याची वही दर महिन्याला ग्रामपंचायतीत यावी, पाण्याच्या तपासणीचा कागदही. ते पाणी आम्ही चारा, ऊस आणि झाडांना वापरू. कच्च्या खायच्या पाल्याला नाही. हे शेवटचं कलम घालायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मेथीवर तीन घरं चालतात, त्यांना बदल्यात काय, याचं उत्तर ठरावात नाही.

केंद्रातून निघणारा वाळलेला गाळ डेपोच्या कडेला साठतोय. कुणी नेत नाही. मी दोन ट्रॉल्या मागितल्या, तर पालिकेत प्रश्न पडला, कुठल्या सदरात पावती फाडायची? खतविक्रीचं सदर केव्हाच निघून गेलंय. मुलानं फोनवर विचारलं, "नाना, उसात ते घालणार? लोक काय म्हणतील?" मी ते आधी पाचटाबरोबर खड्ड्यात थर देऊन घातलंय, मातीनं लिंपलंय. वर्गमित्र एकदा येऊन बघून गेला. काठीनं लिंपण उकरलं, हात वर धरून वाफ पाहिली आणि म्हणाला, अजून दोन महिने हात लावू नको.

ठरावाची प्रत आम्ही नगरपालिकेत दिली. आवक क्रमांक पडला आहे. पावसाळ्यानंतर बघू, असं तोंडी उत्तर मिळालं. तोवर इंजिनं ओढ्यातच आहेत.